मोकळ्यावरचा आवाज

वर्गात पाऊल टाकलं की आमचे सर आधी टाळी वाजवायचे. एकच, कडक. मग मान तिरकी करून क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "आधी ऐका. मग बोला."

सर गेले त्याला आता वर्ष होईल. चारकोपच्या आमच्या क्लासमध्ये ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे त्यांचा ध्वनीचा धडा मला तोंडपाठ. "रिकामी खोली आवाज परत फेकते. माणसं, गाद्या, कपडे असले की ते आवाज पिऊन टाकतात. आणि मोकळ्या मैदानात? अरे, भिंतच नाही, तर परत येणार कुठून?" टाळीवरूनच ते ओळखायचे, आज वर्ग भरलाय की निम्म्यांनी दांडी मारलीय. पोरं ओरडायची, "सर, हजेरी घ्या ना, जादू काय दाखवता!"

जादूबिदू त्यांना मुळीच खपायची नाही हो. आम्ही दोघंही मालवणी, पण मी अमावास्येचं नाव काढलं की ते हात जोडायचे. "गो बाय, माझ्या फिजिक्सची वाट लावू नको."

मग त्यांची बायको गेली. वहिनी म्हणायचे मी तिला. हसरी, बडबडी, सर वर्गात जितके बोलायचे तितकं ती घरात बोलायची. त्यातच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सरांनी मालाडला भाड्याचं घर घेतलं. किल्ली द्यायच्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

घरात काही म्हणता काही नव्हतं. पंखेसुद्धा काढून नेलेले. सरांनी टाळी वाजवली. आवाज तिथल्या तिथे मेला. माणसांनी गच्च भरलेल्या खोलीत मरतो ना, तसा.

"आता तू वाजव," ते म्हणाले.

मी वाजवली. तेच. बाहेर जिन्यात येऊन वाजवली तर खणखणली. आत आले, पुन्हा वाजवली, पुन्हा मेली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"काय असेल, सर?"

"ओल असेल भिंतीत," ते म्हणाले. पण बघत होते स्वयंपाकघराच्या दाराकडे.

आमच्यात घर सोडताना गाऱ्हाणं घालतात. वास्तूला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मोठ्याने सांगायचं, की आम्ही अमुक ठिकाणी निघालोय, तुम्हीही चला. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. सांगितल्याशिवाय ती माणसं जागा सोडत नाहीत, असं माझी आई म्हणायची. मी म्हटलं, "सर, वहिनींना सांगा ना."

दारात बिल्डरची माणसं उभी होती, त्यात एक सरांचाच जुना विद्यार्थी. सर लाजले. "पोरांसमोर हसं करून घेऊ?" असं पुटपुटले आणि त्यांनी कुलूप लावलं.

पुढे बिल्डिंग पाडली. त्यानंतर सर क्लासला येईनासे झाले, म्हणून मी मालाडला गेले. एवढ्याशा खोलीत दोन कपाटं, गाद्यांची चळत, भांड्यांची खोकी. पाय ठेवायला जागा नाही. सर मला "बस"सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी टाळी वाजवली आणि ती घुमली. एवढ्या सामानातून रिकाम्या हॉलसारखी घुमली. खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं.

"ती येवक नाय गो," सर म्हणाले. आली नाही ती. "मी तिका सांगितलंच नाय. थयसर एकटीच रवली ती." तिथे एकटीच राहिली. आणि माझ्यासमोर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, ते लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आवरेना.

"चला सर," मी म्हटलं. "आत्ता. आपण सांगून येऊ."

चारकोपला बिल्डिंगच्या जागी फक्त रस्त्याच्या बाजूने पत्रे लावलेले होते. आत नुसता उथळ खड्डा, उन्हात तापलेला, आणि पलीकडे मोकळं मैदान. काम बंद, आसपास कुत्रंसुद्धा नाही. सरांनी सवयीने हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"हयसर कसां कळतलां?" इथे कळणार कसं? "भिंतीच नाय."

"कळायला नको. सांगा फक्त."

सरांनी चपला काढल्या, हात जोडले. मग मोठ्याने सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, माझी चूक झाली. मी लाजलंय. माझ्या बायलेक मालाडाक वाट दाखव. दुसरो मजलो, जिन्याच्या डाव्या हाताक. तिचा सगळा सामान थयच आसा. तिका सांग, मी वाट बघतंय."

बाकीच्यांनी म्हणायचं ते म्हणायला मी एकटीच होते. मी जीव तोडून म्हटलं, "होय म्हाराजा!"

आणि खड्ड्यातून आवाज आला. "होय म्हाराजा." जरा उशिरा, बारीक, माझ्याहून मऊ. समोर भिंत नव्हती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, नव्हतीच.

सरांनी चपला घातल्या आणि रिक्षाला हात केला. मला आधी बसवलं. मग ते पार दुसऱ्या टोकाला, दांडीला चिकटून बसले, आणि मला म्हणाले, "जरा सरकून बस गो. तिका जागा दी."

मी सरकले.