घोरतोय म्हणून सोडला असता

ती दुपार आठवली की माझा हात आजही घड्याळाकडं जातो. मी तेव्हा नागापूर एमआयडीसीत हवालदार होतो. शिक्षण सातवी, त्यामुळं घडलं तसंच लिहितो.

ठाण्यात चहाच्या टपरीवालीचा फोन आला. "हवालदार, एक जण पिऊन पडलाय. लई घोरतोय, गिऱ्हाईक पळालं माझं. उचला त्याला."

डायरीला नोंद केली, मोटारसायकल काढली. टपरीमागं वर्कशॉपचा कामगार उताणा पडलेला. त्याचा कामावरचा जोडीदार त्याच्या तोंडात ताक ओतायच्या बेतात. आमच्याकडं दारू अशीच उतरवतात. तांब्या हिसकला. बेशुद्धाच्या तोंडात काही ओतायचं नसतं. तोंडाचा वास घेतला. दारू नव्हतीच!

हाका मारल्या, छातीचं हाड मुठीनं रगडलं. हूं की चूं नाही. ओठ निळे, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी. घड्याळ धरलं. अर्ध्या मिनिटात दोनच श्वास! घरी माझी बायको कॅन्सरनं पडून होती, मॉर्फिनच्या गोळ्यांवर. डॉक्टरनं बजावलं होतं, "गोळी जास्त झाली की माणूस असाच घोरतो, श्वास मंदावतो. ती झोप समजू नका."

"बाई, १०८ला फोन लावा! श्वास बंद पडतोय म्हणा!"

त्याची मान मागं केली, नाक दाबलं, तोंडानं श्वास भरला. पाच सेकंदाला एक. मधल्या वेळात जोडीदाराकडं चौकशी.

"काय घेतलं ह्यानं?"

"काय न्हाई साहेब, ऊन लागलं."

श्वास भरला. "खरं बोल."

"तुमी आत टाकाल."

"आत टाकायला हा जिता तर पायजे! तुला हात लावत नाही. बोल."

टपरीवाली उसळली, "अरं मुडद्या, हवालदार त्याला तोंड लावून बसलाय अन् तू गप व्हय?"

तेव्हा फुटला. खिशातनं इंजेक्शनची रिकामी बाटली काढली. अफूच्या जातीचं औषध, पाठदुखीवर म्हणून कुणी विकलेलं.

गाडी आली. बाटली बघताच डॉक्टरनं उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात गड्यानं खोल श्वास ओढला, डोळे उघडले! "आला! आला!" मी भर रस्त्यात ओरडलो. डॉक्टर म्हणाला, उतारा ओसरला की श्वास परत मंदावतो, म्हणून दवाखान्यात नेला. बाटली जप्त केली. तिच्यावरनं विकणाराही सापडला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती हसली. "रोज माझं श्वास मोजता, चोरावर पाळत ठेवल्यागत. आज चोर घावला म्हना की!"

नोकरीभर मी दरडावून लोकांना बोलतं केलं. त्या दिवशी कळलं, भीती काढली की माणूस लवकर बोलतो.

बायको गेली. आता घरात मोजायला श्वास नाही. पण रस्त्याला कुणी पडलेला दिसला की मी थांबतो, वाकतो, घड्याळ धरतो. तुम्हीबी थांबा.