केरेनहप्पूक, लाखनीवाली

लाखनीला हमरस्त्यालगत ब्लाउज शिवणाऱ्या केरेनहप्पूकला गिऱ्हाइकं 'केरेनताई' म्हणतात. शाळेत पोरं 'हप्पू' म्हणून चिडवायची. हे लांबलचक नाव तिच्या वडिलांनी, लिलाधररावांनी, बायबलातून काढलेलं. तिसरीही मुलगीच झाली म्हणून लोक तोंड पाडून आले, तर हे पेढे वाटत सुटलेले. "इयोबाले बी तिसरी पोरगीच होती. तिचंच नाव ठेवतो!"

केरेनचं लग्न आसगावच्या अनुपशी ठरलं. रविवारी चर्चमध्ये दोघांची नावं वाचून लग्नाची घोषणा व्हायची होती. आदल्या दिवशी होणाऱ्या सासूबाई, उषाबाई, दुकानात आल्या.

"आमच्याकडे सुनेचं नाव बदलवतात, पोरी. खुशबू ठेवू. मले हाक तं मारता आली पायजे!"

केरेनची कात्री कापडातच थांबली. नव्या घरचं सगळं शिकायची तिची तयारी होती. नाव सोडायची नव्हती. पण सासूला नाही कसं म्हणायचं? तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"तुह्या नावाचा अर्थ तरी काय होते?" उषाबाईंनी विचारलं.

"केरेन म्हणजे शिंग, आई. पूक म्हणजे काजळ. पूर्वी तिकडे शिंगात काजळ ठेवत. म्हणजे काजळाची डबी."

"वो माय! डबीलेच सून करून आणून राहिलो का आम्ही?" उषाबाई पोट धरून हसल्या.

केरेनलाही हसू आलं. "इयोबाचं सगळं गेलं होतं, आई. लेकरं, ढोरं, सगळं. देवानं पुन्हा देलं तवा सात पोरं झाले अन् तीन पोरी. पोरायचे नावं बायबलात लिहिले नाहीत, पोरींचे तिन्ही लिहिले. भावायच्या बरोबरीनं बापानं त्यायले वाटा देला. बाबानं मले हेच सांगत वाढवलं. नाव टाकलं तं बाबाचं बोलणंच टाकल्यासारखं वाटन."



"मी माहेरची शकुन," उषाबाई म्हणाल्या. "उषा तं सासूनं ठेवलं. पहिले पहिले हाक मारे तं मी वळूनच पाहत नव्हती. बहिरी सून गळ्यात पडली म्हणे!" दोघी पुन्हा हसल्या. मग उषाबाई सरसावून बसल्या. "बरं, हळूहळू सांग. केरेन... पुढं?"

रविवारी पाळकसाहेब त्या नावापाशी अडखळले, तेव्हा बायकांच्या बाजूनं उषाबाईंचा खणखणीत आवाज आला, "केरेनहप्पूक!" आदल्या दिवशी दुकानातून परतताना बसमध्ये त्यांनी तेच घोकलं होतं.

मागची बाई कुजबुजली, "घरी काय म्हणान वो एवढ्या मोठ्या नावाले?"

"पूर्णच म्हणन. तुले कायची घाई आहे?"