हिरवळीकडे जाणारा पाइप

अंथुर्ण्याच्या अलीकडच्या माळावरचे ते प्रकरण आठवले की आजही मला एका जागी बसवत नाही.

माळावर एक खासगी वसाहत झाली होती. बंगल्यांचे सांडपाणी शुद्ध करून गोल्फच्या हिरवळीला द्यायचे, अशी तिथे सोय होती. सोय चांगलीच, कालव्याचे पाणी गवतावर जात नव्हते. पंधरा दिवसांत हिरवळीकडे पाणी नेणारा पाइप तीनदा कापला गेला. वसाहतीचे व्यवस्थापक माझ्या ठाण्यात फिर्याद घेऊन आले आणि सोबत संशयिताचे नावही. शेजारचे वयस्कर ऊस बागायतदार, ज्यांना सगळे आबा म्हणत. उसाला पाणी नाही आणि गवताला आहे, म्हणून ते फाटकावर भांडून गेले होते.

मी पंचनामा केला आणि आबांना चौकशीला बोलावले. सलग दोन दिवस ते सकाळी येत, संध्याकाळी जात. ठाण्यात येणारा-जाणारा त्यांना बाकावर बसलेले बघे. मला वरून फोन येत होते. प्रश्न तेच, उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पाणी मी मागितलं, व्हय. पर पाइप कापायचा तर आधी पाणी कुठनं बंद करायचं ते ठावं पायजे. मला आत कोण घेतंय?"

मी पंचनामा पुन्हा वाचला. 'घटनास्थळी जमीन कोरडी.' अक्षर माझेच. चालू पाइप कापला असता तर तिथे चिखल झाला असता. म्हणजे कापणाऱ्याने आधी आतला व्हॉल्व्ह बंद केला होता.

त्याच दुपारी हवालदाराने खबर आणली. नाक्यावर पाइप-फिटिंगचे दुकान चालवणाऱ्या चाचांनी त्याला सांगितले होते की, मैदानाचे सगळे सामान पुण्याहून येते, तरी तिथला मुकादम दोनदा करवतीची पाती घेऊन गेला.

मुकादमाकडे हिरवळीची देखभाल होती. त्याने फार वेळ नाकारले नाही. कारण विचारले तेव्हा त्याने चप्पल काढून पाय पुढे केले. बोटांमध्ये जखमा चिघळल्या होत्या.

"शुद्ध करायचं यंत्र महिनाभर बंद हाय. घाण पाणी तसंच येतंय. आमच्या बाया त्यात अनवाणी खुरपत्यात. माझी बायको तापानं दवाखान्यात हाय. मी चारदा सांगितलं, तर म्हणले, गवत हिरवं हाय न्हवं?" मग खाली बघत म्हणाला, "पाइप कापला की दोन दिस तरी बायांचं पाय कोरडं ऱ्हात्यात."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून त्याने लपवलेली करवत मी त्याच्याकडून पंचांसमक्ष काढून घेतली. तिथेच हिरवळीवरच्या पाण्याचे नमुनेही घेतले. व्यवस्थापक म्हणाले, फिर्यादी आम्ही आहोत. मी नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. ते पाणी शुद्ध केलेले नव्हते, असा अहवाल आला आणि दुसरा गुन्हा वसाहतीच्या कारभाऱ्यांवर दाखल झाला. यंत्र त्याच आठवड्यात सुरू झाले. बायकांना बूट मिळाले.

मुकादमाला मात्र मीच अटक केली. कोर्टाने त्याला समज देऊन सोडले, पण काम गेले ते गेलेच. कारभाऱ्यांच्या खटल्याला मी निवृत्त होईपर्यंत तारखाच पडत होत्या.

आबांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि "तुमचं कामच हाय ते," एवढेच म्हणाले. पुढे ठाण्यावरून जाताना त्यांनी कधी मान वर केली नाही.

फिर्यादीबरोबर आयता आलेला संशयित आधी बाजूला ठेवायचा, हे मी तेव्हा शिकलो. नंतरच्या अधिकाऱ्यांनाही शिकवले. पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. पहिल्या दिवशी पंचनामा करताना वीस पावलांवर त्या बाया खुरपत होत्या. मी नाकाला रुमाल लावून पाइपची मापे लिहून घेत होतो, आणि तो वास कशाचा आहे, हे मी कोणालाच विचारले नाही.