मोर्चातली मोटार

लालबागच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलंच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते, आणि सासऱ्यांनी दिलेली माझी जुनी मोटार पेट्रोल पाण्यासारखं पीत होती. त्यानं प्लग काढून हुंगला, कार्बोरेटर धुतला, टायरांत हवा भरली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.

"गाडी बरी आसा," तो म्हणाला. "फिरवतास खंय?"

"मोर्चाला!" मी छाती फुगवून सांगितलं. "गिरगावपासून दादरपर्यंत, लोकांच्या मागोमाग. एकही चुकवला नाही."

"म्हणजे सगळो रस्तो फष्ट गेरात?"

"मग काय लोकांच्या अंगावर घालू?"

तो हात पुसत राहिला. "प्लग कितीय पुसले तरी पेट्रोल जातलाच, सायेब. मोर्चाक चलत येवा."

माणूस मला उर्मट वाटला.

पुढच्या मोर्चात तो पायी माझ्या मोटारीला मागे टाकून निघाला होता. जाता जाता त्यानं वाकून टायर चाचपला. मग घोषणेसाठी खिडकीतून बाहेर काढलेल्या माझ्या मुठीकडे बघून म्हणाला,

"सांगितलंय मां, गाडयेत खोट नाय."