दोनची गोळी

हाडांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे पाठीमागे फौजदारीणबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने गादीखाली लपवलेल्या गोळ्या पकडल्या होत्या, पथ्यावरच्या पेशंटच्या उशाखालची बिस्किटं पकडली होती. कुणाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवणं तिला जमायचंच नाही.

त्यामुळे सात नंबरच्या आजी रोज दुपारी तीनला बिथरायला लागल्या, तेव्हा तिचा संशय सरळ त्यांच्या धाकट्या बहिणीवर गेला. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी त्या नुसत्या कुरकुरायच्या. तीनला भेटीची वेळ सुरू होऊन बहीण थर्मास घेऊन बसली, की थोड्याच वेळात सलाईनची नळी ओढायच्या, खाटेवरून उतरायला बघायच्या, शिव्या द्यायच्या. त्यात आयाने कुठूनशी बातमी आणली, की दोघी बहिणी दहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. सिस्टरला तेवढं पुरलं. थर्मासात कडक कॉफी असणार, नाहीतर झोप उडवणारं आणखी काहीतरी. तिने झाकण काढून हुंगलं. साधं सूप होतं. मग बाईने औषध पर्समध्ये ठेवलं असेल, असं तिने ठरवून टाकलं. बहीण हात धुवून परतली, तेव्हा सिस्टर तिची पर्स चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला दारातच अडवलं. "दोन दिवस येऊ नका. तुम्ही आलात की त्यांना त्रास होतो."

बहीण वाद न घालता थर्मास घेऊन जिना उतरली.

त्या दिवशी तीनला आजी बिथरल्याच. दुसऱ्या दिवशीही. सिस्टर चरकली. तिने औषधांचा तक्ता पुढ्यात ओढला. आजी कुरकुरतात म्हणून सहा दिवसांपूर्वी शांत करणारी एक गोळी सुरू झाली होती, रोज दुपारी दोनला. बिथरणंही त्याच दिवसापासूनचं. आणि ती गोळी रोज सिस्टर स्वतःच्या हाताने देत होती.

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांना तिने हे सांगितलं, तेव्हा त्यांना पटेना. झोप आणणारी गोळी माणसाला उठवेल कशी?

"म्हाताऱ्या माणसांत कधी कधी उलटं होतं, डॉक्टर. आम्हाला शिकवलं होतं. मीच विसरले."

डॉक्टरांनी जरा विचार केला आणि गोळी बंद केली. कुरकुर दुखण्याची निघाली, त्यावर वेगळं औषध दिलं. दोन दिवसांत आजी ताळ्यावर आल्या आणि धाकटी का येत नाही, म्हणून विचारू लागल्या.

सिस्टरने स्वतः फोन लावला. चूक माझी होती, म्हणाली.

"माझ्या पर्समध्ये तुम्ही काय शोधत होता?" बहिणीने विचारलं. तीनला या, एवढंच म्हणून सिस्टरने फोन ठेवला.

दुपारी बहीण आली. आजींना घरी सोडेपर्यंत रोज येत राहिली. काही विचारायचं असलं की ती वॉर्डातल्या दुसऱ्या, धाकट्या सिस्टरला गाठायची. मोठ्या सिस्टरकडे तिने पुन्हा कधी मान वर करून पाहिलं नाही.