आमची एक्कावन्न डॉलरवाली कॅम्पेन

कुठल्याही कॅम्पेनमध्ये वर्षभर काढा. पैसे जमतील की नाही सांगता येत नाही, मतं जमतील की नाही तेही सांगता येत नाही, पण किस्से मात्र जमतातच. इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये कुणाकडेही जेवायला गेलो की पानं वाढेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "विवेक, तो चष्म्यांचा किस्सा सांग ना यार." मग एकातून दुसरा निघतो, आणि भात गार होतो.

आधी थोडं मागचं सांगतो. आमच्या वॉशिंग्टन राज्यात पुरेशा सह्या गोळा केल्या की एखादा कायदा थेट लोकांच्या मतदानाला टाकता येतो. आमचा कायदा दीड पानाचा होता. डॉक्टरने उपचार लिहून दिला की इन्शुरन्स कंपनीने तीन दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, आणि नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यायचं. बस, इतकंच.

अर्जावर नाव होतं विजयाकाकूंचं. काकू मूळच्या अमरावतीच्या. इथे त्यांनी वीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यांच्या नवऱ्याला, अनंतकाकांना, कॅन्सरचं एक इंजेक्शन लिहून दिलं होतं, त्याला कंपनीची मंजुरी हवी होती. मंजुरी आली, पण काका जाऊन नऊ दिवस झाल्यावर. पत्राच्या शेवटी 'आपल्याला उत्तम आरोग्य लाभो' असं छापलेलं होतं. ते पत्र घेऊन काकू नर्सेसच्या युनियनच्या मीटिंगला गेल्या. युनियनने राज्यभर सह्या गोळा केल्या. आम्ही म्हणजे रेडमंडची छोटी कमिटी. मी खजिनदार, कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो आणि तोपर्यंत बाकीची कामं वाटून झाली होती.

* * *

खजिनदाराचं काम म्हणजे आलेला प्रत्येक डॉलर कुणाचा, हे राज्याच्या वेबसाइटवर टाकायचं. ते कुणालाही बघता येतं. काकूंनी पहिली वर्गणी जमवली ती त्यांच्याच घरी, पिठलं-भाकरीच्या जेवणावर. लोकांनी पाकिटं दिली. मी घरी येऊन सगळं एंटर केलं, रिपोर्ट फाइल केला आणि विसरलो.

पुढच्या आठवड्यात सरकारी ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. आवाज मऊ होता. त्या म्हणाल्या की तुमच्या रिपोर्टमध्ये काहीतरी वेगळं दिसतंय. एकवीस, एक्कावन्न, एक्कावन्न, एकशे एक, परत एक्कावन्न. सगळ्या रकमांच्या शेवटी एक. हे आकडे कुणी ठरवून दिलेत का?

मी त्यांना समजावलं की आमच्याकडे आहेर द्यायचा तर पन्नास देत नाहीत. शून्यावर हिशोब संपतो. वरचा एक म्हणजे पुढची सुरुवात. लग्नात देतात, मुंजीत देतात, इथेही दिला. कुणी ठरवून दिलेलं नाही, आज्या-पणज्यांपासून चालत आलंय.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे सर. तसं नोंदवते. तुमच्या विरोधी कमिटीचा रिपोर्टही माझ्याच टेबलावर आहे. त्यांच्या रकमांमध्ये फक्त शून्यं आहेत."

* * *

त्यातला एकशे एकचा एक आहेर मात्र परत करावा लागला. तो केदारचा होता. केदार पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, एच-वन व्हिसावर. नियम असा की नागरिक नाही, ग्रीन कार्ड नाही, तर असल्या कॅम्पेनला पैसे देता येत नाहीत. मी फोनवर सांगणार होतो, काकू म्हणाल्या की दिलेला आहेर फोनवर परत करत नाहीत. आम्ही दोघं त्याच्या अपार्टमेंटवर गेलो.

त्याला लागलं. तो चिडून म्हणाला की टॅक्स घेताना कुणी व्हिसा विचारत नाही, इन्शुरन्सचा हप्ता कापताना कुणी विचारत नाही. बायको बाळंतपणात अडकली तेव्हा तीच कंपनी, तोच होल्डवरचा वाट बघायला लावणारा फोन. काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पैसे नाही देता येत. हात देता येतात, तेही फुकट. मी वकिलाला विचारून आलेय."

पुढचे सगळे शनिवार केदार पावसात रस्त्याकडेला आमचे बोर्ड ठोकत होता. पहिल्या दिवशी तो घरून हातोडा घेऊन आला. मी खजिनदार, माझं डोकं तसंच चालायला लागलेलं. मी विचारलं, हातोडा कोणाचा? तो म्हणाला, माझा. मी म्हटलं की वस्तूही वर्गणीत धरतात, रिस्क नको. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, हातोडा गाडीत परत ठेवला आणि समोरचा एक वाटोळा दगड उचलला.

"हा वॉशिंग्टन स्टेटचा आहे. चालेल?"

त्या दिवशी अकरा बोर्ड दगडाने ठोकले गेले. दुपारी काकूंनी त्यांचा हातोडा आणून दिला.

* * *

विरोधी कमिटीचं नाव इतकं गोड होतं की पहिल्यांदा ऐकून मलाच वाटलं, हे आपलेच. कुटुंब, डॉक्टर, परवडणारं, सगळे शब्द त्यात होते. टीव्हीवर बातम्यांआधी ते, बातम्यांनंतर ते, मॅचमध्ये ते. मी एकदा चॅनलला फोन करून अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीचा भाव विचारला. तिथल्या मुलीने सांगितला. मी आमची सगळी शिल्लक सांगून विचारलं की यात काय येईल. ती बिचारी प्रामाणिक होती. म्हणाली, "सर, यात तुम्ही फक्त नमस्कार म्हणू शकाल."

हे मी काकूंना सांगितलं. मला वाटलं त्या खचतील. त्या म्हणाल्या की नमस्कार आपण दारोदार जाऊन करू, त्याला चॅनल कशाला लागतं?

आणि खरंच त्या गेल्या. बस चालवली असल्याने त्यांना प्रत्येक गल्ली माहीत होती, आणि कुठल्या घरातलं पोर रोज उशिरा यायचं तेही.

* * *

आता माझ्या मुलीचं. माया इथेच जन्मलेली, सिअ‍ॅटलला एका जाहिरात कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर व्हिडिओ एडिट करायची. मराठी समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. एक दिवस तिच्या ऑफिसात नवीन काम आलं, आणि ते नेमकं विरोधी कमिटीचं. त्यांना जाहिरातीत साडीतली एक प्रेमळ आजी हवी होती. आजीने कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं की हा कायदा माझ्या डॉक्टरला आणि मला त्रासाचा होईल. बॉसने मायाला विचारलं, तुझ्या ओळखीत आहे का कुणी इंडियन आजी?

माया म्हणाली, "अ‍ॅक्चुअली, आय नो वन."

तिने आधी काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, दे माझा नंबर. कास्टिंगच्या माणसाने त्यांना वाक्य वाचून दाखवलं, फी सांगितली, साडी तुमचीच चालेल म्हणाला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की वाक्य बदलावं लागेल. माझा नवरा आणि त्याचा डॉक्टर, दोघांनाही कंपनीनेच थांबवलं होतं. त्याची फाइल पाठवते, त्यातूनच संवाद घ्या, मी फुकट काम करेन.

त्याने परत फोन केला नाही. ऑफिसात मात्र समजायचं ते समजलं. मायाने बॉसला सरळ सांगितलं की हे काम मी करणार नाही, दुसरं द्या. दुसरं नव्हतं. महिनाअखेरीस तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. ती सामान घेऊन घरी राहायला आली. मी बाप म्हणून काहीतरी मोठं बोलायला गेलो, तू फार धीट आहेस वगैरे.

"नो बाबा. मी ब्रेव्ह नव्हते. मला फक्त ते एडिट करताच आलं नसतं."

तिला इतकं मराठी एका दमात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

* * *

चष्म्यांचा किस्सा आता. निवृत्त लोकांच्या एका वसाहतीत दोन्ही बाजूंची सभा होती. आमच्याकडून काकू. त्यांच्याकडून एक उंच, छान सूट घातलेला माणूस. बोलायला गोड. त्याने दहा मिनिटांत तीनदा सांगितलं की आमच्यामागे याच राज्यातली साधी कुटुंबं आहेत. प्रत्येक खुर्चीवर त्यांचं चकचकीत पत्रक ठेवलेलं.

इथे नियम आहे की पत्रकावर सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्या पाचजणांची नावं छापायची. छापलेली होती, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

काकूंची पाळी आली. त्यांनी भाषणाचा कागद काढलाच नाही. विरोधकांचंच पत्रक उचललं आणि त्या माणसापुढे धरून विनंती केली की ही पाच नावं जरा मोठ्याने वाचा, कुटुंबं कोणती ते आम्हालाही कळू दे. तो हसला. म्हणाला की सॉरी, वाचायचा चष्मा आणला नाही.

काकूंनी आपला चष्मा काढून पुढे केला. तो म्हणाला की प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो, मॅडम.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपला चष्मा काढून हात वर केला. मग शेजारच्या आजोबांनी. मग मागची रांग. मी दाराशी उभा होतो. सगळ्या हॉलमध्ये हात वर, आणि प्रत्येक हातात चष्मा.

त्याने तिसरा चष्मा लावून वाचलं. पाच नावं, पाचही कंपन्या. काकूंनी प्रत्येक नावानंतर शांतपणे विचारलं की हे कुटुंब राहतं कुठे. एकही या राज्यातलं निघालं नाही.

* * *

शेवटच्या महिन्यात विरोधी कमिटीने दारोदार माणसं पाठवायला सुरुवात केली, तासावर पगार देऊन. काकूंच्या दारात एक मुलगी आली, हातात टॅबलेट, भिजलेली. काकूंनी तिला आत घेतलं, चहा दिला, तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली की मला तुमच्या नावापुढे काहीतरी लिहावं लागेल: पाठिंबा, विरोध की ठरलं नाही?

काकूंनी विचारलं, ठरलं नाही लिहिलं तर काय होतं?

ती म्हणाली की मग तुम्हाला पत्रकं येतात, फोन येतात, आणि आम्ही परत येतो.

"मग तेच लिही. माझं काहीच ठरलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या ग्रुपला निरोप गेला. कुणीही विचारलं तरी आपलं अजून ठरलेलं नाही. मग काय विचारता! रेडमंडच्या मराठी घरांत रोज दोन-दोन, तीन-तीन पत्रकं पडायला लागली. चांगला जाड, महागाचा कागद. आमच्याकडे त्याच्या पाठीवर महिनाभर किराण्याच्या याद्या झाल्या. ती भिजलेली मुलगी काकूंकडे आणखी चारदा येऊन गेली. कंपनीच्या पगारी वेळेत चहा पिऊन, गप्पा मारून जायची. काकूंचं शेवटपर्यंत काही ठरलं नाही.

* * *

आम्ही हरलो. फार थोड्याने, पण हरलो. दुसऱ्या दिवशी केदार आणि माया बोर्ड उपटायला गेले, मी शेवटचा रिपोर्ट भरला. त्या रात्री काय वाटलं ते नाही सांगत. माया जेवली नाही, एवढंच.

जानेवारीत काकूंचा फोन आला की मला ऑलिंपियाला जायचंय, ड्राइव्ह करशील का? ऑलिंपिया म्हणजे राज्याची राजधानी. वीस वर्षं बस चालवलेली बाई मला ड्राइव्ह करशील का विचारते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी समजलो की कसली तरी राहिलेली सही असेल. वाटेत त्या रेडिओ ऐकत होत्या. त्याच कायद्यासाठी नवीन अर्ज करायला चाललोय हे मला थेट सरकारी ऑफिसच्या काउंटरसमोर कळलं. मी हळूच विचारलं की युनियनला सांगितलंत का? त्या म्हणाल्या, सांगू, आधी पावती घेऊ.

काउंटरवर एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी काकूंना ओळखलं. थोडं संकोचून म्हणाले की निकालाचं वाईट वाटलं. मग कागद घेऊन विचारलं, तोच मजकूर आहे ना?

"एक शब्द बदललाय."

त्यांनी चष्मा सावरला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. दुसऱ्या परिच्छेदात बोट थांबलं. त्यांनी मान वर केली.

"मॅडम, इथे आता दोन दिवस लिहिलंय. गेल्या वेळी तीन होते."

"हो."

"माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत, हरल्यावर परत येणारे लोक कमी मागतात."

काकूंनी पर्समधून पेन काढलं. "सही कुठे करू?"