पेशंट काका आणि सुनंदाचा व्हिसा

तुम्ही म्हणता, एखादा किस्सा सांग. एखादाच कुठला सांगू? फ्रीजमधल्या वाट्यांसारखे साठलेत नुसते!

कोथरूडला आमचा क्लास आहे. इस्रायलमध्ये घरी राहून म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला ज्या बायका ठरावीक मुदतीच्या व्हिसावर जातात, त्यांना मी शिकवते. सरावाला पेशंट हवा, म्हणून वरच्या मजल्यावरचे काका येतात. रिटायर्ड, धडधाकट, आणि जिभेला धार!

पहिल्याच दिवशी लोणी काळभोरच्या सुनंदाने त्यांना पलंगावरून उचलून धाप्पकन व्हीलचेअरमध्ये बसवलं. काका म्हणाले, "बाई, मी कांद्याचं पोतं नाही. नुसतं बसा म्हटलं तरी बसतो!"

*

काका व्हीलचेअरवर दिसल्याचा सोसायटीभर बोभाटा झाला. खालच्या वहिनी शहाळं घेऊन धावत आल्या. "अहो, अचानक काय झालं?"

"नोकरी लागली," काका म्हणाले. शहाळं मात्र ठेवून घेतलं.

*

व्हिसा इंटरव्ह्यूचा सराव. ऑफिसर मी. "मुदत संपल्यावर परत याल ना?"

वारज्याच्या फरिदाताई उसळल्याच. "म्हणजे काय! आमच्या ह्यांना साधा चहा करता येत नाही!"

"अहो, तिथे नुसतं हो म्हणा."

ऐकतील तर शपथ! खऱ्या इंटरव्ह्यूतही त्यांनी चहाचंच सांगितलं. व्हिसा मिळाला!

*

सुनंदाचं घोडं मात्र आग्रहापाशी अडलं होतं. पेशंट नको म्हणाला की थांबायचं, हा नियम. ही थांबेचना! "घ्या की वो, एवढं का टाकायचं असतंय!"

काका वैतागायचे. "अगं, मी पुण्याचा. आमच्याकडे एकदा नको म्हटलं की दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही!"

आम्ही हसायचो, पण व्हिडिओ कॉलवर हे बघून इस्रायलमधल्या दोन घरांनी तिला नाकारलं होतं. आणि घर मिळाल्याशिवाय व्हिसा नाही. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून धडपडत होती बिचारी. माझा जीव तुटायचा.

*

तिसरं घर. स्क्रीनवर एक थकलेल्या आजी, शेजारी त्यांची लेक. इकडे काका पेशंट, सुनंदाच्या हातात मऊ भाताची वाटी. दोन घास झाले, ठरल्याप्रमाणे काका म्हणाले, "नको."

सुनंदाने चमचा खाली ठेवला. मी हुश्श केलं.

तेवढ्यात लेकीने इंग्लिशमध्ये विचारलं, "आमची आई सगळ्यालाच नको म्हणते. सकाळपासून उपाशी आहे. मग काय कराल?"

मी सावरायच्या आत सुनंदा वाटी-चमचा घेऊन थेट स्क्रीनपाशी! शिकवलेलं सगळं इंग्लिश गेलं उडत. "आजी, एकच घास. लेकीचं ऐकायचं न्हाय व्हय?"

संपलं! मी कपाळाला हात लावला.

तिकडे आजींनी चक्क 'आ' केला. लेक चमचा आणायला धावली!